चरा फरशीवर, कात्री पगारावर

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बंगल्यांवर आणि रिसॉर्टवर साफसफाईचं काम करणाऱ्या सगळ्या सदस्यांना उपयोगी पडेल म्हणून बोलल्यासारखाच छापत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘लाकडी फरशीवरचे चरे’ असं लिहिलंय. ते वाचून मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘आमच्या घरात अजून शहाबादी बसेना, आणि हिचं काय लाकडी?’ मावशी, मला ऐकू आलं! आणि तुमचं बरोबर आहे. माझ्या गावाकडच्या घरातही मागची खोली अजून शेणाने सारवतात. आपल्या घरात ही फरशी नाही. पण आपल्या मुळशी तालुक्यात धरणाच्या कडेने जे बंगले झालेत, त्यात आहे. आणि त्या बंगल्यांत रोज सकाळी फडकं घेऊन कोण जातं? आपणच जातो. फरशी त्यांची असली तरी तिच्यावर चरा दिसला की हिशेब आपल्याकडे येतो. म्हणून हा विषय.

सुरुवात कुठून झाली ते सांगते. पावसाळ्यात एका गटाच्या बैठकीला मी बसले होते. वसुली चालू होती. एका मावशींचा अंतर्गत कर्जाचा हप्ता कमी आला. या मावशींचा हप्ता तीन वर्षांत कधी चुकलेला नाही. सचिवताईंनी विचारलं तर त्या गप्प. मग डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, ‘पगारातून १५०० कापले. फरशीवर चरे पाडले म्हणे मी.’ सुपरवायझरने सांगितलं होतं की तुम्ही खाली बसून पुसता, तुमच्या पायातल्या जोडव्यांनी चरे पडलेत.

आता माझी चूक सांगते, कारण ती लपवून हे भाषण खरं होणार नाही. मी काय म्हणाले माहितीये? ‘मावशी, जाऊ द्या, काम टिकवा. भांडण नको.’ दोन वर्षं समाजकार्य शिकून आलेल्या मुलीच्या तोंडून हे निघालं! मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘पैसे गेले ते जाऊ दे गं पोरी. पण मी पाडलेच नाहीत.’ त्या रात्री मला काही झोप लागली नाही. दोन दिवसांनी आम्ही दोघी परवानगी घेऊन त्या बंगल्यावर गेलो. सोबत गावातले एक सुतारकाका घेतले. ते बंगल्यांची पॉलिशची कामं करतात. आज मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं त्या काकांनी गुडघ्यावर बसून आम्हाला दाखवलं. बाकीचं मी नंतर वाचलं आणि उरलेल्या तुकड्यांवर करून बघितलं.

आधी ही फरशी असते काय ते समजून घेऊ. तिला ‘इंजिनिअर्ड वूड’ म्हणतात. नाव मोठं आहे, पण रचना आपल्या गोधडीसारखी आहे. गोधडीला वरून चांगल्या साडीचं कापड लावतो, आत जुन्या साड्यांचे थर घालतो आणि सगळं टाके घालून एक करतो. तसंच इथे. वर खऱ्या लाकडाचा, म्हणजे ओक किंवा सागवानाचा पातळ थर असतो. खाली प्लायवुडचे थर, एक आडवा, एक उभा, असे चिकटवलेले. त्यामुळे हवेतल्या ओलाव्याने ती अख्ख्या फळीपेक्षा कमी फुगते आणि कमी वाकते. वरचा खऱ्या लाकडाचा थर बहुतेक वेळा २ ते ४ मिलिमीटर असतो. स्वस्त फरशीत तर १ मिलिमीटरपेक्षाही कमी. आणि त्या लाकडाच्याही वर एक संरक्षक लेप असतो. हा लेप दोन तऱ्हेचा. एक लॅकरचा, म्हणजे काचेसारखा वर बसलेला. दुसरा तेलाचा, म्हणजे लाकडात मुरलेला.

हे का सांगते? कारण आपण ज्याला चरा म्हणतो तो नेमका कुठल्या थरात आहे, यावर सगळं अवलंबून आहे. गोधडीवर धुळीची रेघ आली तर आपण झटकतो. वरचा धागा उसवला तर टाका घालतो. कापड फाटलं तर ठिगळ लावतो. सगळ्याला एकच उपाय नसतो, आणि सगळ्याचा दामही एक नसतो.

मी काही तुकडे आणलेत. ते फिरवते. हात लावून बघा, नखाने ओरखडा, घाबरू नका, हे आपलेच आहेत.

तपासणी चार पायऱ्यांत करायची.

पहिली पायरी, ती रेघ खरंच चरा आहे का? चपलेचा रबरी तळवा किंवा प्लास्टिकची बादली घासली की फरशीवर रेघ उमटते. ती फरशी खरवडलेली नसते, वर काहीतरी लागलेलं असतं. ओलसर फडक्याने पुसा. नाही गेली तर मुलांच्या दप्तरातलं पांढरं खोडरबर घ्या आणि हलक्या हाताने घासा. बऱ्याच रेघा तिथेच जातात.

दुसरी पायरी, नख. रेघेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर चरा फक्त वरच्या लेपात आहे. अडकलं तर आत गेलाय.

तिसरी पायरी, पाणी. बोट ओलं करून रेघेवरून फिरवा. रेघ दिसेनाशी झाली तर ती लेपातली. गडद झाली तर लेप फाटून लाकूड उघडं पडलंय, ते पाणी पितंय. लगेच कोरडं पुसा.

चौथी पायरी, मोबाईलचा टॉर्च. वरून मारायचा नाही. फरशीला जवळजवळ टेकवून बाजूने मारायचा. मग चऱ्याची दिशा दिसते. आणि मैत्रिणींनो, दिशा खरं बोलते.

त्या बंगल्यात आम्ही असा टॉर्च मारला, तर दोन लांब रेघा दिसल्या. एकमेकींना अगदी समांतर. भिंतीकडून खिडकीकडे गेलेल्या. काकांनी टेप काढली आणि दोन रेघांमधलं अंतर मोजलं. मग शेजारच्या जड खुर्चीच्या दोन पायांमधलं अंतर मोजलं. सारखंच! खुर्ची उलटी केली, तर दोन्ही पायांखालच्या बुचांमध्ये खडीची कच रुतलेली. पाहुण्यांनी खुर्ची ओढत खिडकीजवळ नेली होती. जोडव्यांनी अशा दोन सरळ, समांतर रेघा एका दमात कशा पडतील? मावशी काही बोलल्या नाहीत. नुसत्या त्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

आता दुरुस्ती. पण त्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. एक, मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय कुठलीही दुरुस्ती करायची नाही. चांगल्या मनाने केलं आणि रंग चुकला तर दोष दुप्पट होतो. दोन, ती फरशी नक्की खऱ्या लाकडाची आहे का ते बघा. दिसायला अगदी तशीच दिसणारी लॅमिनेट नाहीतर विनाईलची फरशी असते. त्यात वर लाकूड नसतं, लाकडाचं छापलेलं चित्र असतं. ओळखायचं कसं? लांबवर बघा. तीच गाठ, तीच नक्षी परत परत दिसली तर ते छापील असण्याची शक्यता जास्त. दाराच्या उंबऱ्याशी कड उघडी असेल तर तिथे थर बघा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे मालकांना विचारा. फरशी कुठल्या कंपनीची, लेप तेलाचा की लॅकरचा, हे त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. छापील फरशीला तेल लावून उपयोग नाही, ते आत मुरतच नाही.

लेपातला बारीक चरा, ज्यात नख अडकत नाही, तो असा काढायचा. जागा झाडून, ओलसर फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करायची. तेलाच्या लेपाची फरशी असेल तर त्या कंपनीचं देखभालीचं तेल दोन थेंब मऊ सुती फडक्यावर घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने चोळायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. लॅकरची असेल तर लॅकरसाठीचंच पॉलिश वापरायचं. मेणाचं पॉलिश लॅकरवर लावू नका. फरशी निसरडी होते, आणि पुढे कधी नवा लेप द्यायचा म्हटला तर तो धरत नाही.

अक्रोड फोडून त्याचा गर चऱ्यावर चोळतात, हे तुम्ही मोबाईलवर बघितलं असेल. अगदी बारीक चरा त्याने झाकला जातो, हे खरं. पण ते तात्पुरतं आहे. आणि खोबरेल तेल मात्र नको. मी स्वतः एका तुकड्यावर लावून बघितलं. पहिल्या दिवशी छान चमकलं. आठ दिवसांनी तिथे धूळ चिकटून काळा पट्टा झाला. तो तुकडाही फिरवलाय, बघा.

लाकूड उघडं पडलेला चरा, म्हणजे जिथे नख अडकतं आणि रंग फिका दिसतो, त्याला रंगाचं टच-अप पेन लागतं. हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात, नाहीतर ऑनलाईन मिळतं. नेहमी फिक्या छटेपासून सुरुवात करा. फिका रंग गडद करता येतो, गडद फिका करता येत नाही. भाजीतल्या मिठासारखं आहे ते. पेन थेट फरशीवर ओढू नका. आधी फडक्याच्या टोकाला लावा, मग ते टोक चऱ्यात टिपा, आणि आजूबाजूला लागलेलं लगेच पुसा. आधी कपाटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी एकदा लावून बघा. पाच मिनिटं थांबा. रंग वाळल्यावर वेगळा दिसतो.

चऱ्याला खोली असेल तर मेणाची कांडी. दोन-तीन छटांच्या कांड्या घ्यायच्या, कारण लाकूड कधी एका रंगाचं नसतं. मेण चऱ्यावर तिरकं चोळून दाबून भरायचं. वर आलेलं मेण जुन्या, बंद झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद खरवडून सपाट करायचं. चालू कार्ड वापरू नका, नाहीतर दुसरंच काम वाढायचं! मग मऊ फडक्याने चोळायचं. जुनं सुती बनियन यासाठी उत्तम. हे मऊ मेण जिथे सारखी वर्दळ आहे तिथे फार टिकत नाही, हे मालकांना आधीच सांगा.

आणि कुठे थांबायचं? चरा इतका खोल आहे की खालचं प्लायवुड दिसतंय, पट्टी फुगलीय, सांधा उघडलाय किंवा लाकूड काळं पडलंय, तर हात लावायचा नाही. ते कारागिराचं काम. आणि पॉलिश पेपर तर कुठल्याच चऱ्याला लावायचा नाही. वरचं लाकूड किती पातळ आहे ते मघाशी सांगितलं. एका जागी घासलं की तिथे पांढरा ठिपका पडतो आणि छोट्या चऱ्याचं मोठं नुकसान होतं. तेव्हा मात्र ते खरंच आपल्या हातून झालेलं असतं.

चरे पडू नयेत म्हणून काय करायचं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी सांगते. फरशीचा खरा शत्रू म्हणजे वाळू आणि कच. आपल्याकडे पावसाळ्यात चपलेला मुरूम चिकटून येतो. पायाखाली तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. म्हणून दारात दोन पायपुसणी हवीत, एक बाहेर आणि एक आत. पुसण्याआधी मऊ कुंच्याने झाडायचंच. न झाडता पुसलं तर फडक्यातली कच आपणच फरशीभर फिरवतो. फडकं घट्ट पिळलेलं हवं, फरशी एक-दोन मिनिटांत वाळली पाहिजे. बादली ओतून धुवायची सवय इथे चालत नाही. पाणी सांध्यात गेलं की पट्ट्या फुगतात. फिनाईल, ॲसिड, कपड्यांची पावडर, वाफेचा मॉप, सगळं बंद. खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याच्या चकत्या लावायला सांगा. आणि पलंग, टेबल हलवायचं असेल तर दोघींनी उचलून. एकटीने ओढायचं नाही, फरशीसाठीही आणि कमरेसाठीही.

आता पैशाचं बोलते.

कायदा काय म्हणतो? १९३६ चा वेतन देण्याचा कायदा आणि आताची २०१९ ची वेतन संहिता, दोन्हींत हे आहे की नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेलं हवं. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त करता येत नाही. आणि कापण्याआधी त्या कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कपातीची नोंदही ठेवावी लागते. मावशींना कुणी विचारलं होतं? कुणी नाही. पगाराच्या पाकिटातच पैसे कमी निघाले.

हे कलम पगारावर काम करणाऱ्याला लागतं. गटाने ठेका घेतला असेल तर करारात जे लिहिलंय ते महत्त्वाचं. म्हणून करारात दोन ओळी घालून घ्या. एक, काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजू मिळून खोल्यांची पाहणी करतील. दोन, नुकसान दिसल्यास दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय रक्कम कापली जाणार नाही.

आणि कायद्यापेक्षाही रोज उपयोगी पडते ती वही. आपण गटात पै-पैची नोंद ठेवतो, मग कामाच्या जागेची का नाही? नव्या बंगल्यावर पहिल्या दिवशी गेलात की फडकं बाजूला ठेवा, आधी वही काढा. खोली कुठली, चरा कुठे, म्हणजे ‘खिडकीकडून तिसरी पट्टी’, लांबी किती, नख अडकतं की नाही. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. खाली तारीख आणि सुपरवायझरची सही. सही देत नसतील तर तेच फोटो त्याच दिवशी त्यांच्या मोबाईलवर पाठवा. फोटो फक्त फरशीचे, पाहुण्यांच्या सामानाचे नाहीत. पाहुणे गेल्यावर खोली उघडली की हेच पुन्हा, झाडायच्या आधी.

या वहीची दुसरी बाजूही आहे. आपल्या हातून चरा पडला तर तोही त्याच वहीत लिहायचा आणि त्याच दिवशी सांगायचा. लपवायचा नाही, गालिचा सरकवून झाकायचा नाही. आपण आपले चरे लिहिले, तरच दुसऱ्याचे चरे आपले नाहीत हे लोक मानतील.

मावशींचं काय झालं ते राहिलं. आम्ही खुर्ची, टेप आणि फोटो व्यवस्थापकांना दाखवले. आवाज चढवला नाही. काकांनी दोन्ही रेघा तिथेच दाखवल्या. एक नुसती लेपातली होती, दुसरीत थोडं लाकूड उघडं पडलं होतं. त्यांच्या परवानगीने काकांनी एक केली आणि दुसरी मावशींकडून करून घेतली. अर्धा तासही लागला नाही. पुढच्या पगारात १५०० रुपये परत आले. माफी कुणी मागितली नाही, ते खरं. सुपरवायझर अजून फारसं बोलत नाहीत. पण मावशी कामावर आहेत, जोडवी पायात आहेत, आणि त्यांनी राहिलेला हप्ता भरला तेव्हा सचिवताईंनी वहीत शेरा लिहिला, ‘उशीर सदस्याच्या चुकीने नाही.’ तो शेरा मावशींनी दोनदा वाचून घेतला.

त्यानंतर त्या बंगल्यावर कुठे रेघ दिसली की मावशींनाच बोलावतात. आता आमच्यापुढे प्रश्न आहे तो दराचा. झाडू-पोछ्याच्या पगारात हे काम फुकट करायचं नाही. चऱ्याचं काम वेगळं, त्याचा दर वेगळा, साहित्य मालकाचं. दर किती असावा ते मी ठरवणार नाही, ते तुम्ही ठरवा. म्हणून आजच्या सभेपुढे तीन गोष्टी ठेवते. नोंदवहीचा एकच नमुना सगळ्या ग्रामसंघांनी वापरावा. करारातल्या त्या दोन ओळींचा ठराव व्हावा. आणि प्रत्येक ग्रामसंघातून दोघी जणींनी पुढच्या महिन्यात शिकायला यावं. सुतारकाका शिकवायला तयार आहेत, आणि त्यांच्याबरोबर शिकवायला मावशीही असणार आहेत. काल मी त्यांना विचारलं, जमेल का? तर म्हणाल्या, ‘नख फिरवायला काय शिक्षण लागतं का?’

चहा आलाय. चहानंतर मागच्या सतरंजीवर तुकडे, पेनं आणि मेणाच्या कांड्या ठेवल्यात. प्रत्येकीने एक तरी चरा आपल्या हाताने भरून बघा. चुकला तरी चालेल, आज कुणाचा पगार कापला जाणार नाही.